कुठल्या पिक्चरमधलं?

"गाणं छान आहे हो. पण कुठल्या पिक्चरमधलं?"

आज एका खासगी एफएम स्टेशनवर आमच्या बँडचा अल्बम ऐकवायला गेले होते. समोरच्या मुलाने हेडफोन लावून अख्खं गाणं ऐकलं. अंतऱ्याला टेबलावर बोटांनी ठेका धरला, सम बरोबर पकडली. मग हेडफोन काढून हा प्रश्न.

पिक्चरमधलं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा खरंच पडला. "मग लावू कुठे, मॅडम? प्लेलिस्ट वरूनच ठरून येते."

त्याच्यावर राग नाही माझा. गाणं त्याला आवडलं होतं, पण आवडलेलं गाणं लावायची मुभाच त्याला नव्हती. हे जास्त लागलं.

आपल्याला बिगरफिल्मी गाण्याची गोडी लावली ती रेडिओनेच ना? १९५५ साली पुणे आकाशवाणीने गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण सुरू केलं. आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न गीतं! ना हिरो, ना पोस्टर. तरी घराघरांत लोक वेळ राखून ऐकायला बसायचे. त्या केंद्राने लोकांच्या कानांवर विश्वास टाकला होता.

आता सामुदायिक रेडिओ केंद्रांना गाणी पाठवतेय. त्यांचा टप्पा जेमतेम काही किलोमीटरचा, पण तिथे काय लावायचं हे बहुतेक वेळा स्टुडिओत बसलेली माणसंच ठरवतात. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या गावात, कॉलेजात असं केंद्र आहे का? नाव सांगाल?