तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचं ब्लँकेट का घेतो?

"कंपन्यांना एवढी नावं ठेवता, मग त्यांचीच ब्लँकेटं कशी घेता?" रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी आम्ही वीसेक जण मिळून जे थोडंफार करतो, ते कळलं की हा प्रश्न हमखास येतो. रास्त आहे.

घेतो, कारण रात्र कुणासाठी थांबत नाही. दोन-तीन दिवस ओल्या मोज्यांत राहिलेला पाय मी जवळून पाहिला आहे. कातडी पांढरीफटक पडून सुरकुतते, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, मग त्या चिघळतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना छळणारं दुखणं ते हेच. त्या माणसापुढे कोरडे मोजे धरताना पैसे कुणाचे, हा विचार मनात येत नाही. येऊही नये.

तो येतो घरी परतल्यावर.

गेल्या वर्षी एका कंपनीने आम्हाला ब्लँकेटं दिली. चांगली जाड होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तळहाताएवढं कंपनीचं बोधचिन्ह विणलेलं. वाटपाला त्यांची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून आली, सोबत फोटोग्राफर. रांगेतल्या एका आजोबांनी ब्लँकेट घेतलं आणि कॅमेरा समोर येताच तेच तोंडावर ओढलं. "बाबा, जरा खाली घ्या ना," फोटोग्राफर म्हणाला. बाबांनी घेतलं नाही. मी मध्ये पडून फोटो थांबवले, तेव्हा वाटपाची लगबगच ओसरली.

त्याच रांगेत मागे एक तरुण उभा होता. त्याच्या अंगात त्या कंपनीच्या इमारतीत सफाई करणाऱ्या कंत्राटदाराचा गणवेश. दिवसभर तो त्यांचेच जिने पुसायचा. पगार होता, पण खोलीसाठी लागणारी अनामत रक्कम एकदम हातात कधी जमत नव्हती. टी-शर्टवाल्यांपैकी कुणीच त्याला ओळखलं नाही. माझ्या मनातली अढी तेव्हा बसली, ती अजून सुटलेली नाही.

भारतात २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. त्यातून पुष्कळ चांगली कामं उभी राहिली, हे मी मनापासून मान्य करते. पण खर्चाला आर्थिक वर्षाची मुदत असते. वर्ष सरत आलं की आम्हाला फोन येतात, "लवकर काहीतरी सुचवा." लवकर होण्यासारखं काय असतं? वाटप. तोवर थंडीही ओसरलेली असते.

बेघरपण वाटपाने सुटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एका संस्थेने उलटा क्रम धरला: आधी घर द्यायचं, व्यसनमुक्ती, उपचार, नोकरी यांचं मागून पाहायचं. फिनलंडने २००८पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि तिथली बेघरांची संख्या बरीच खाली आली. घराला कुलूप लागलं की माणसाची कागदपत्रं चोरीला जात नाहीत, औषधं भिजत नाहीत, सकाळी कामावर जाताना अंघोळ झालेली असते. कंपनीकडे आम्ही हेच मागतो: दहा जणांची अनामत आणि वर्षभराचं भाडं. उत्तर येतं, "यात दाखवण्यासारखं काय आहे?"

अपवाद आहेत. एका मोठ्या कंपनीतल्या हिशेबनीस बाई दर मंगळवारी कामावरून थेट येतात. लोकांच्या ओळखपत्रांचे, पेन्शनचे अर्ज भरून देतात, नाकारलेले अर्ज पुन्हा लिहितात. त्या येणार म्हणून लोक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणतात. त्यांच्या कंपनीला याचा पत्ताही नाही. बाई म्हणतात, "कळलं तर बॅनर लावतील."

यंदाही त्या ब्लँकेटांबद्दल विचारणा झाली. आम्ही तीन गोष्टी लिहून कळवल्या: बोधचिन्ह नको, फोटो नकोत आणि तुमच्या सफाई कामगारांना अनामतीपुरती उचल द्या. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीचं उत्तर आलेलं नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी मी स्मरणपत्र पाठवते. गेल्या वर्षीची काही ब्लँकेटं शिल्लक आहेत. शनिवारी आम्ही चौघी कात्री घेऊन बसतो आणि कोपऱ्यातले धागे एकेक करून उसवतो.