बंदूक घेतली आणि पुसत बसले

गोथेनबर्गच्या आमच्या फ्लॅटमधली सगळ्यात जड वस्तू फ्रीज नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात, माझ्या साड्यांच्या कपाटाला खेटून, एक राखाडी लोखंडी कपाट उभं आहे. नव्वद किलोचं. ते तिसऱ्या मजल्यावर चढवल्यानंतर नवऱ्याने धरलेला अबोला दोन दिवस टिकला. आत एक रायफल, तिची दुर्बीण, काडतुसांचे चार डबे आणि गेल्या दिवाळीपासून लपवून ठेवलेली माझी सोन्याची चेन. एवढी सुरक्षित जागा अख्ख्या घरात दुसरी नाही.

स्वीडनमध्ये बंदुकीआधी कपाट येतं. ‘एसएस ३४९२’ नावाचं मानक आहे, किमान त्या दर्जाचं कपाट हवं आणि त्याचं वजन दीडशे किलोपेक्षा कमी असेल तर ते भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने आवळायचं. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायची म्हणजे मालकाची परवानगी आली. मला वाटलं होतं, कारण ऐकून मालक हादरेल. त्याने फक्त विचारलं, “भोकं केवढ्या व्यासाची?”

मी शिकारी झाले हे गावी कळल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न: किती मारलेस? उत्तर सांगायची लाज वाटते, म्हणून हा लांबलचक लेख.

बंदूक माझ्यासाठी अगदीच परकी नव्हती. कुडाळजवळच्या आमच्या घरी आजोबांकडे ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हौसेची शिकार संपली. आजोबांची बंदूक मुख्यतः माकडांना आणि डुकरांना आवाज ऐकवण्यापुरती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची, माहेरपणाला गेल्यासारखी. दर रविवारी आजोबा ओटीवर बसून तिच्या नळीला आणि घोड्याला खोबरेल चोळायचे. आम्ही पोरं जवळ गेलो की त्यांचं एकच वाक्य: “बंदूक रिकामी आसा, असा कधी समजूचा नाय.”

हेच वाक्य मी तीस वर्षांनी स्वीडिश भाषेत पाठ केलं, परीक्षेसाठी. तिचं नाव ‘येगारएक्सामेन’, म्हणजे शिकाऱ्याची परीक्षा. १९८५ पासून शिकारीच्या परवान्यासाठी ती द्यावी लागते. लेखी भागात सत्तर प्रश्न, त्यातले साठ बरोबर हवेत. पहिल्या खेपेला माझे सत्तावन्न आले. कायदा येत होता, काडतुसांचे प्रकार येत होते, पण उडत्या बदकांची चित्रं बघून ‘यातलं कोणतं मारायला बंदी आहे’ हे सांगताना सगळी बदकं मला सारखीच दिसत होती. आमच्या ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, हरकत नाही, दिसत नसेल तर मारू नकोस, इतकंच शिकायचं असतं. दुसऱ्या खेपेला सुटले. प्रात्यक्षिक त्या मानाने सोपं गेलं.

मग परवाना. इथे माणसाला बंदुका बाळगायचा सरसकट परवाना नसतो, प्रत्येक बंदुकीचा वेगळा. आधी बंदूक पसंत करायची, तिचा क्रमांक घालून पोलिसांकडे अर्ज करायचा आणि वाट बघायची. स्थळ ठरलंय पण मुहूर्त निघत नाही, अशी अवस्था.

पण पसंत कशी करायची? इथेच मी घोळ घातला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वीडनमध्ये मोठ्या जनावरासाठी, म्हणजे एल्ग (मूस, हरणांतलं सगळ्यात मोठं), लाल हरीण, रानडुक्कर यांच्यासाठी, ‘वर्ग १’चं काडतूस लागतं. गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर शंभर मीटरवर तिच्यात २७०० जूल ऊर्जा उरली पाहिजे. १० ग्रॅमची असेल तर २००० जूल पुरतात. शिवाय गोळी आत जाऊन फुलणारी हवी, म्हणजे जनावर तडफडत राहत नाही. या चौकटीत डझनभर काडतुसं बसतात आणि त्यांवरून इथले शिकारी तसेच भांडतात जसे आपण मालवणी आणि कोल्हापुरी मसाल्यावरून. ‘साडेसहा पंचावन्न’ (६.५ बाय ५५ मिलिमीटर) हे इथलं घरचं काडतूस. स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली असताना, १८९० च्या दशकात, दोघांच्या सैन्यांसाठी बनलेलं. जुन्या माउझर रायफली त्याच्याच. १०.१ ग्रॅमची लांबुळकी गोळी, धक्का सौम्य. ‘तीन-शून्य-आठ’ १९५२ चं, अमेरिकन, कुठल्याही दुकानात मिळणारं. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ १९०६ चं, जरा जास्त दणकट. आणि ज्यांना वाटतं एल्ग म्हणजे रणगाडा आहे, त्यांच्यासाठी १९०५ चं जर्मन ९.३ बाय ६२.

दुकानातल्या विक्रेत्याने मला वजनाला हलकी अशी थर्टी-ऑट-सिक्स हातात दिली. “बाईमाणसाला हलकी बरी,” असं तो म्हणाला नाही, स्वीडनमध्ये असं कुणी म्हणत नाही, पण चेहरा तोच होता. हलकी रायफल खांद्यावर घेऊन फिरायला छान. चाप ओढल्यावर मात्र तेच हलकेपण उलटतं, कारण धक्का शोषायला वजनच नसतं. त्यात तिचा खांद्याला टेकायचा दस्ता सहा फुटी माणसाच्या मापाचा, आणि मी पाच फूट दोन इंच. दस्ता लांब म्हणून मान पुढे ताणावी लागली, मान ताणली म्हणून डोळा दुर्बिणीला जवळजवळ टेकला. चाचणी मैदानावर तिसऱ्याच गोळीला दुर्बिणीची कड भुवईवर बसली. तीन टाके. शुद्ध गोल चंद्रकोर. सोमवारी ऑफिसात कुणी काही विचारलं नाही, फक्त दोघांनी आपापल्या भुवया बोटाने दाखवल्या. त्यांच्याही होत्या.

मला मार्गावर आणलं ते दाल्सलांडमधल्या एका सत्तरीच्या शेतकऱ्याने. त्याच्याच जमिनीवर आमची टोळी शिकार करते. इथे शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येतो, त्यामुळे जमीनवाला तुम्हाला टोळीत घेईल तरच तुमचं काही खरं. इथला कायदा ओळखीतल्या परवानाधारकाला दोन आठवड्यांपर्यंत बंदूक उसनी देऊ देतो, सोबत मालकाची चिठ्ठी हवी. त्याने मला त्याच्या वडिलांची जुनी हुस्कवार्ना दिली, साडेसहाची, अक्रोडाच्या दस्त्याची. हुस्कवार्ना म्हणजे तीच कंपनी जिचं गवत कापणारं यंत्रमानव-खेळणं आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर रांगत असतं. १६८९ साली तिची सुरुवात राजासाठी बंदुका बनवण्यापासून झाली.

जुनी रायफल जड होती, पण खांद्याला अशी लागली जणू कुणी पाठीवरून हात फिरवला. त्याने मला माप घ्यायला शिकवलं: कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आत टेकवायचं आणि बोट चापापर्यंत सहज पोहोचतंय का बघायचं. नंतर डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि उघडायचे. दुर्बिणीत काळी कडा न येता पूर्ण गोल दिसला तर ती तुमची. कॅलिबरचं, म्हणजे काडतुसाच्या मापाचं, भांडण जेवणाच्या टेबलावर करायचं.

मग मी तीच का नाही घेतली? लाकूड. आमच्या भागात ऑक्टोबरभर पाऊस. दस्त्याचं जुनं लाकूड पाणी पितं, फुगतं, नळीला एका बाजूने टेकतं आणि गोळी सरकते. म्हातारबाबांनी वीस क्रोनरची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवून दाखवली होती. कोरड्या दिवशी ती सरळ चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसतं तिथपर्यंत, गेली, चार दिवसांच्या पावसानंतर अर्ध्यात अडकली. शेवटी मी फिनलंडची टिका घेतली, तीन-शून्य-आठ, प्लास्टिकच्या दस्त्याची. दिसायला पाण्याच्या पाइपासारखी. बंदूकवाल्याने दस्ता दोन सेंटिमीटर कापून दिला. नोट रोज सरकते.

सायलेन्सरही लावलाय. हे आईला सांगितल्यावर तिने फोनवरच “अगं बाई” केलं, कारण आपल्याकडे सायलेन्सर म्हणजे हिंदी सिनेमातला खलनायक. इथे तो कानांसाठी असतो, माझ्या आणि कुत्र्याच्या.

सराव तर शिकारीपेक्षा मजेचा. ऐंशी मीटरवर रुळांवरून लाकडी एल्ग धावतो, आधी डावीकडून, मग उजवीकडून. त्याच्या पुढे नेम धरून बंदूक फिरवत राहायची आणि फिरवता फिरवताच चाप ओढायचा. थांबलात की गोळी पोटात, म्हणजे परीक्षेच्या भाषेत अपराध. धावत्या हरणाचा हा प्रकार पूर्वी ऑलिंपिकमध्येही होता. ऑस्कर स्वान नावाच्या स्वीडिश माणसाने १९२० साली अँटवर्पला त्यात सांघिक रौप्य घेतलं, वयाच्या ७२ व्या वर्षी. ऑलिंपिक पदक घेणारा सगळ्यात वयस्क माणूस अजून तोच. २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं तेव्हा मी मैदानावरच्या सगळ्यांना कॉफी पाजली आणि राधानगरी कुठे आहे ते नकाशावर दाखवलं.

आता मुख्य काम, साफसफाई. याबद्दल कुणी विचारत नाही.

बोल्ट, म्हणजे रायफलीचा मागचा सरकता खिट्टा, काढायचा आणि गज मागून, चेंबरच्या बाजूने घालायचा. पुढून कधीच नाही. नळीच्या तोंडाची कड गजाने घासली गेली की प्रत्येक गोळी बाहेर पडताना जरा कलते आणि रायफल कायमची बिघडते. आधी द्रावणात भिजवलेली चिंधी, मग पितळी ब्रश, मग पुन्हा चिंध्या. पहिली काळी येते, दुसरी राखाडी, आणि माझ्या तांब्याच्या गोळ्यांमुळे तिसरी निळसर-हिरवी, तांब्याच्या कळशीला आलेल्या कळंकासारखी. ती पांढरी येईपर्यंत चालू. शेवटी तेलाचा पुसट हात. आणि पुढच्या वेळी बार काढण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्यायचं. मी एकदा विसरले, तर पहिली गोळी चार बोटं वर. सायलेन्सर नळीवर तसाच ठेवायचा नाही, त्यात साठलेली वाफ नळीच्या तोंडाला गंज आणते.

शिकारीबद्दल थोडक्यात. इथल्या दक्षिण भागात एल्गचा मोसम ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी उघडतो, उत्तरेत सप्टेंबरच्या पहिल्या. पहाटे टोळीचा म्होरक्या चिठ्ठ्या काढतो, प्रत्येकाला एक जागा मिळते. भगवी टोपी घालून, कानाला रेडिओ लावून तिथे बसायचं. हाकारा करायला माणसं नाहीत, एक राखाडी येम्टहुंड कुत्रा आणि त्याचा मालक. एल्ग जखमी झाला तर दोन तासांच्या आत माग काढणारं शिकवलेलं कुत्रं त्या जागी पोहोचलं पाहिजे, असा कायदाच आहे. त्यामुळे खात्री नसेल तर कुणी बार काढत नाही, आणि न काढल्याबद्दल कुणी हिणवतही नाही. टोळीत कुणालाही मिळालं तरी मांस वाटून. ते ‘चाळीस दिवस-अंश’ टांगून ठेवतात: चार अंशांत दहा दिवस, आठ अंशांत पाच. माझ्या वाट्याचं मी मालवणी मसाल्यात शिजवते. पहिल्या वेळी टोळीतल्या दोघांनी दूध मागितलं.

हे सगळं गोड गोड लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ओरेब्रोच्या एका शाळेत एका माणसाने दहा जणांना मारलं. त्याच्याकडच्या रायफली परवान्याच्या होत्या. त्या आठवड्यात मी कपाट उघडलं नाही. नियम आणखी कडक होणार म्हणून टोळीतले काही जण कुरकुरत होते. मी त्यांच्यात नव्हते. मला तीन महिने थांबायला लागलं काय किंवा वर्षभर, एल्ग कुठे जात नाही.

परवाच्या शनिवारी साडेसात तास खडकावर बसले. एक कोल्हा आला, माझ्याकडे बघून जांभई दिली, गेला. रेडिओवर म्होरक्या म्हणाला, आजचं संपलं. घरी आल्यावर रायफल लगेच पिशवीतून काढायची नाही, नाहीतर गार लोखंडावर दव धरतं, अगदी बोल्टच्या आतसुद्धा. म्हणून पिशवी बंदच समोर ठेवून चहा केला, तासभर बसले, मग नळी पुसायला घेतली. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

“काय मिळालं?”

“काही नाही. पुसत बसलेय.”

ती जवळून बघायला लागली. “खोबरेल लावतेस ना? आजोबा लावायचे.”

मी कॅमेरा खिडकीत ठेवलेल्या पॅराशूटच्या बाटलीकडे वळवला. उलटी केली. थेंबही पडला नाही. “इथे गोठतं गं. बोल्टमध्ये गेलं तर चाप ओढून मी उभीच.”

“मग गरम पाण्यात ठेव जरा,” आई म्हणाली.