तिकीट लावलं, पण गाडी तिथेच

इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग विभागात काम करतो म्हटलं, की पुण्यातले नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "तिकिटामागे किती सुटतात?" तिकीट म्हणजे चुकीच्या पार्किंगच्या दंडाची नोटीस, आणि त्यामागे काहीही सुटत नाही. अमुक इतकी तिकिटं लावाच, असं टार्गेट अधिकाऱ्याला देऊ नये, हे सरकारी मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय. माझ्या कामाचं नाव 'सिव्हिल एन्फोर्समेंट ऑफिसर'. लोक अजून 'ट्रॅफिक वॉर्डन' म्हणतात, आणि चिडल्यावर जे म्हणतात ते इथे छापण्याजोगं नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त कटकट ड्रॉप्ड कर्बची. फुटपाथची कड एरवी रस्त्यापासून दहा-बारा सेंटीमीटर उंच असते. घरात गाडी घ्यायला किंवा चाकाची खुर्ची रस्त्यावर उतरवायला ती जिथे खाली आणलेली असते, तिथे गाडी आडवी लावली की कोड 27, म्हणजे तिकिटावर टाकायचा या चुकीचा क्रमांक. ही मनाई 2004 च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टमधली. घराच्या ड्राइव्हवेसमोर गाडी असेल, तर त्या घरातल्याने सांगितल्याशिवाय आम्ही तिकीट लावत नाही. न जाणो, त्याच्याच मेहुण्याची निघायची. त्यामुळे या कोडच्या आडून शेजाऱ्याशेजाऱ्यांचे जुने हिशेब चुकते होतात. मुळात भांडण कुंपणावरून असतं, फोन मात्र आम्हाला येतो. पायी चालणाऱ्यांनी रस्ता ओलांडावा म्हणून केलेला उतार मात्र कुणा एकाचा नसतो. तिथे कुणी तक्रार करावी लागत नाही. पार्किंग मनाईची पिवळी रेघ नको, पाटी नको, नियम कुठल्याही वेळी लागू. रविवारीसुद्धा सूट नाही, आणि हे कुणालाच पटत नाही.

मी सांगतोय तो रविवारच होता. बर्कशायरमधल्या आमच्या गावात मोठ्या मैदानावर पोरांच्या फुटबॉलच्या मॅचेस होत्या. अशा सकाळी आईबाप गाडी मैदानाच्या इतकी जवळ लावतात, की जमलं असतं तर गोलपोस्टलाच टेकवली असती. कोपऱ्यावरच्या ड्रॉप्ड कर्बवर एक करडी एस्टेट गाडी उभी होती. फुटपाथवर, गाडीच्या अलीकडे, चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच्या छोट्या बॅटरी-स्कूटरवर बसलेल्या एक आजी होत्या. या स्कूटर ताशी 4 मैलांनी चालतात आणि फुटपाथ असेल तिथे त्यांनी फुटपाथवरूनच जायचं असतं. पायाखाली ती फिक्या पिवळसर रंगाची, उठावाच्या ठिपक्यांची फरशी. न दिसणाऱ्याला पायाने कळावं म्हणून घातलेली. इथे कड जवळजवळ रस्त्याला टेकलेली हवी, फार तर 6 मिलिमीटरचा फरक चालतो. एवढी मोजमापं करून बांधलेल्या जागेवर एक गाडी येऊन उभी राहिली, की सगळं व्यर्थ.

आजींना पलीकडे, रस्त्याच्या त्या बाजूच्या चर्चमध्ये जायचं होतं. मागे फिरून आधीच्या उताराने उतरायचं, तर वळणावरून येणाऱ्या गाड्यांसमोर भर रस्त्यातून यावं लागलं असतं.

मी फोटो काढले, नंबर टाकला, तिकीट छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून काचेवर चिकटवलं. 70 पौंड, 14 दिवसांत भरले तर 35. आजी सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "छान. मग आता मी कशी जाऊ?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहानपणापासून पुण्यात पाहिलंय, गाडी चुकीच्या जागी लावली की उचलून नेतात. हातातला चहा संपेपर्यंत स्कूटर गायब. आमच्या काउन्सिलकडे गाडी उचलायची सोयच नाही. आम्ही दंड लावतो, रस्ता मोकळा करत नाही. गाडी कुणाची, हेही मला दिसत नाही. मालकाचं नाव-पत्ता डीव्हीएलएकडे, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, असतं आणि ते ऑफिसला मागावं लागतं, तेही दंड वसूल करायला. फोन नंबर तर नाहीच.

आजींना म्हटलं, थांबा जरा. मैदानात शिरलो आणि प्रशिक्षकाला गाडीचा नंबर ओरडायला सांगितला. हे माझ्या कामात बसत नाही. युनिफॉर्म घालून टचलाइनवर उभा राहिलो की पन्नास आईबाप आपापल्या खिशातल्या किल्ल्या चाचपायला लागतात, ते दृश्य मात्र बघण्यासारखं असतं.

एक माणूस धावत आला. माझ्याच वयाचा असेल. माझा चेहरा बघून लगेच हिंदीवर आला, "भाईसाब, ब्लू बॅज है ना!" ब्लू बॅज म्हणजे अपंगांना मिळणारा पार्किंगचा परवाना. बॅज होता. मी आधीच पाहिला होता, वडिलांचा, खरा, मुदतीतला. त्याचे वडील टचलाइनवर घडीच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर ब्लँकेट, नातू गोलकीपर. ब्लू बॅजवर पिवळ्या रेघेवर 3 तास थांबता येतं, बहुतेक ठिकाणी. ड्रॉप्ड कर्बवर मिनिटभरही नाही. बॅजबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत आणि हायवे कोड या रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकातल्या नियम 243 मध्येही तसं आहे. पण ती पुस्तिका वाचतंय कोण?

त्याने आधी गाडी काढली, हे सांगायला हवं. वाद नंतर घातला. आजी उतरून, हात वर करून, पलीकडे गेल्यासुद्धा. मग तो म्हणाला, "कॅन्सल करो." एकदा लावलेलं तिकीट मला मागे घेता येत नाही. हरकत घ्यायची तर काउन्सिलला लिहायचं, तिथेही नाही जमलं तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्यूनल. हे मी रोज पाठ म्हणतो तसं म्हटलं. तो ऐकत नव्हता. म्हणाला, "ठीक आहे, पण मी बाबांना कुठे उतरवायचं होतं ते दाखवा. अपंगांच्या दोन जागा आहेत कार पार्कात. जाऊन बघा."

जाऊन बघितलं. एका जागेत पांढरी एसयूव्ही, दुसरीत छतावर सायकली लावलेली गाडी. दोन्हींच्या डॅशबोर्डवर बॅज नाही. म्हणजे या दोघांनी म्हाताऱ्याची जागा घेतली, म्हाताऱ्याच्या मुलाने आजींचा उतार घेतला, आणि तिकीट मिळालं ते साखळीतल्या शेवटच्याला. कारण मी रस्त्याने आलो होतो, कार पार्कातून नाही.

दोन्ही गाड्यांना तिकिटं लावली, कोड 87. सायकलवाला आलाच. "दोनच मिनिटं होती हो!" दोन मिनिटांत त्याचा मुलगा पूर्ण हाफ खेळून झाला होता. शेजारच्या एका आईने चहाचा कप हातात घेऊन मला ऐकवलं, खऱ्या गुन्हेगारांना जाऊन पकडा. मी होला हो केलं. बॉडी कॅमेरा चालू असला की माणूस आपोआप सभ्य होतो, दोन्ही बाजूंनी.

करड्या गाडीवाल्याने हरकत घेतली का, घेतली तर काय झालं, मला माहीत नाही. ते टेबल वेगळं, आम्हाला कळवत नाहीत. माझ्या नोंदीत मात्र दोन्ही जागांचे फोटो त्याच्या तिकिटाशेजारी जोडले. तिकीट बरोबरच होतं, पण वाचणाऱ्याला अख्खी सकाळ दिसावी. आणि सुपरवायझरला सांगून फेरी बदलून घेतली. मॅच असलेल्या रविवारी मी आता सव्वानऊला आधी कार पार्कात जातो, तिथल्या दोन जागा रिकाम्या असल्या की मग कोपऱ्याकडे.