टक्का चढतो आणि मग अडकतो

दोन-तीन दिवस झाले घरगुती कचऱ्याच्या रिसायकलिंगचे जुने आकडे काढून बसलोय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. इंग्लंडचं बघा ना, 2000-01 मधे घरच्या कचऱ्यातला जेमतेम 11 टक्के रिसायकल व्हायचा, दहा वर्षांत तो 40 च्या वर गेला, जवळपास चौपट, आणि 2011 पासून जो 43 ते 46 च्या मधे घुटमळतोय तो तिथेच आहे. शेजारच्या वेल्सनं 1990 च्या दशकाच्या शेवटी 5 टक्क्यांच्या आसपासून सुरुवात केली आणि आज ते 65 च्या पुढे आहेत. मोजायची पद्धत थोडी वेगळी आहे हे धरलं तरी एवढा फरक कसा काय?

मला वाटतं पहिली चढण सगळीकडे सोपीच असते. रद्दी, काच, पत्र्याचे डबे, बागेतला पालापाचोळा, हे वेगळं काढायला फार त्रास नाही. त्यात ब्रिटनमधे 1996 पासून कचरा डेपोत टाकायच्या प्रत्येक टनावर टॅक्स लागला आणि तो वाढत गेला, मग नगरपालिका हलल्या. पण सोपं संपलं की उरतं ते खरकटं आणि पातळ प्लास्टिक, आणि खरी कसोटी तिथे आहे. वेल्सनं उष्टं-खरकटं दर आठवड्याला वेगळं उचलायला सुरुवात केली, 2010 मधे कायदा करून टार्गेट बंधनकारक केली, चुकलं तर दंड, आणि बऱ्याच ठिकाणी उरलेल्या कचऱ्याची गाडी तीन आठवड्यांनी एकदाच येते. डबा लवकर भरतो म्हटल्यावर माणूस आपोआप वेगळं करायला लागतो, साधी गोष्ट आहे.

अजून एक, हा टक्का वजनावर असतो! पेपर घेणारे कमी झाले, बाटल्या हलक्या झाल्या, की लोक आधीसारखंच मन लावून वेगळं करत असले तरी टक्का खाली येतो. उन्हाळा कोरडा गेला, गवत वाढलं नाही, तरीही खाली. त्यामुळे एखाद्या वर्षी अर्धा टक्का घसरला म्हणून लगेच लोकांना दोष देणं मला अजिबात पटत नाही.

आणि 'गोळा केलं' म्हणजे 'रिसायकल झालं' असंही नाही. 2018 पासून चीननं बाहेरून येणारं घरगुती टाकाऊ प्लास्टिक आणि मिक्स पेपर घेणं बंद केलं तेव्हा कितीतरी देशांना कळलं की आपला आकडा दुसऱ्याच्या दारात उभा होता. अमेरिकेत 1960 मधे 6 टक्के होते, 2015 ला जवळपास 35 झाले, 2018 ला परत 32.

म्हणून मी आता टक्क्यापेक्षा माणशी किती किलो कचरा शेवटी जाळायला किंवा पुरायला जातो ते आधी बघतो. दक्षिण कोरियानं 1995 मधे नेमकं तिथेच बोट ठेवलं, उरलेला कचरा टाकायचा तर ठरावीक पिशवी विकत घ्यायची, जितका कचरा तितके पैसे, आणि 2005 पासून खरकटं थेट पुरायलाच बंदी. आज तिथलं बहुतेक सगळं खरकटं खत, जनावरांचं खाद्य नाहीतर बायोगॅस होतं.