किपरनं उठायची घाई करायची नाही

माझ्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. परभणीत कॉलेजकडून खेळताना उसळलेला सीझन बॉल ग्लोव्हजच्या टोकाला बसला होता. तेव्हा काळ्या मातीवर काथ्याची मॅट ताणून खिळे ठोकायचे आणि त्यावर मॅच. एखादा खिळा ढिला राहिला की बॉल कुठं जाईल याचा भरवसा नसायचा.

आता मी लेकरांना शिकवतो. किपर व्हायला सहसा कुणी तयार नसतं, सगळ्यांना बॅट पाहिजे. जे एक-दोघं ग्लोव्हज उचलतात, त्यांना मी भारताकडून खेळलेल्या किपर चंद्रकांत पंडितांचं सांगतो. २०२४ ला कोलकात्यानं आयपीएल जिंकली तेव्हाचे प्रशिक्षक, एवढं लेकरांना ठाऊक असतं. मी १९८६ पासून सुरू करतो.

लीड्सच्या कसोटीत पंडितांनी पदार्पण केलं, पण फलंदाज म्हणून. ग्लोव्हज किरण मोरेंच्या हातात होते. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडले म्हणून पंडित संघात आले, तेव्हाही किपर मोरेच. मोरेंच्या ४९ कसोट्या झाल्या, पंडितांच्या ५, आणि ३६ वनडे. जन्मभर स्टंपमागं बसायची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातले ग्लोव्हज बघत खेळावं लागणं किती जड जातं, ते किपरलाच कळतं.

पुढं ते मध्य प्रदेशचे कर्णधार झाले. १९९८-९९ चा रणजीचा अंतिम सामना, बंगळुरूचं चिन्नास्वामी, समोर कर्नाटक. पहिल्या डावाची आघाडी हातात होती, आणि अंतिम सामना अनिर्णित राहिला की आघाडीवाला संघ जिंकतो, म्हणजे शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहिलं असतं तरी चषक मध्य प्रदेशचा. संघ टिकला नाही. ९६ धावांनी हरले.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला रणजी जिंकून दिली, पण मला जास्त भिडलं ते विदर्भाचं. २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला, पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा. आपण मराठवाड्यातले महाराष्ट्राच्या संघात मोडतो, आणि महाराष्ट्रानं शेवटची रणजी जिंकली ती १९४०-४१ ला! आपल्याकडं पोरं नाहीत असं कसं म्हणायचं? औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी कसोटी खेळला, जालन्याच्या विजय झोलनं एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात नाबाद ४५१ केल्या, बीडच्या सचिन धसनं २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६. शेजारच्या विदर्भाला जमलं ते आपल्याला का जमू नये, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

२६ जून २०२२. गावाकडं सोयाबीनची पेरणी चालू होती. मी धुऱ्यावर बसून मोबाइलवर रणजीचा अंतिम सामना बघत होतो. तेच चिन्नास्वामी, संघ मध्य प्रदेशच, पंडित आता त्याचे प्रशिक्षक, आणि समोर पंडितांची स्वतःची मुंबई. जिंकायला १०८ हव्या होत्या, ४ गडी गमावून झाल्या. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि ते रडत होते. तेवीस वर्षं. माझेही डोळे भरले. तिफणीमागून भावानं विचारलं, काय झालं रे? मला काही सांगता येईना.

काल संध्याकाळी माझ्याकडचा बारा वर्षांचा किपर बॉल टप्पा पडायच्या आधीच उठत होता. पायांमधून चार बाय गेले. दोन बांबू रोवून त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरानं सुतळी बांधली, आणि मुद्दाम खाली राहणारेच बॉल टाकत गेलो. लवकर उठला की सुतळी टोपीला लागायची. पहिल्या दहा बॉलांत सात वेळा लागली. मांड्या थरथरत होत्या, बोटांवरची पट्टी घामानं सुटत होती, पण थांबू का म्हणून त्यानं एकदाही विचारलं नाही.

अंधार पडायला आला तेव्हा सलग बारा बॉल झाले होते, सुतळी हलली नव्हती.