गोट्याचे दात आणि घरातल्या वायरी

सुरुवात इअरफोनपासून झाली. नवऱ्याने सकाळी कानात घातले तर एक बाजू वाजेना. बघतो तर वायर ब्लेडने कापावी तशी तुटलेली. खापर आधी माझ्या ड्रॉवरवर फुटलं. मग आठवड्याभरात मोबाइलचे दोन चार्जर गेले, लॅपटॉपच्या वायरीवर बारीक भोकांची नक्षी उमटली, तेव्हा कुठे चोर कळला.

गोट्या आणि चिंगी ही मांजराची पिल्लं, भावंडं. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये, पंपाच्या खोलीमागे सापडली. चिंगी गुणी. गोट्याला मात्र ऑगस्टपासून जे दिसेल ते दाढेखाली घ्यायचं वेड लागलं. आम्ही हसत होतो, हे कबूल करते. चार्जरच्या वायरीत पाच-वीस व्होल्टच असतात, त्यामुळे त्याला काही झालं नव्हतं आणि आम्हाला अक्कल आली नव्हती.

मग एके दुपारी टेबलफॅन बंद पडला. गोट्या पलंगाखाली कोपऱ्यात, तोंडातून लाळेची तार. मी वायर उचलायला वाकले आणि मागून सासूबाई ओरडल्या, "आधी बटण बंद कर गं!" वायरीतून तांबं चमकत होतं आणि बोर्डाचं बटण चालू होतं. त्या ओरडल्या नसत्या तर हे लिहायला मी असते की नाही, देव जाणे.

डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. ओठाची आतली कड आणि जिभेची बाजू पांढुरकी पडली होती. भाजलेलं भरून येईल, पण शॉकनंतर फुफ्फुसात पाणी साचू शकतं आणि ते काही तासांनीही कळतं, म्हणाले. "झोपेत श्वास मोजा. पोट एकदा वर-खाली झालं की एक. मिनिटाला 30 च्या वर जायला लागले की लगेच फोन करा." त्या रात्री मी फरशीवर बसून मोजत होते. 22, 24, 24. पहाटे तीनला 28 आले तेव्हा माझाच श्वास अडकला. पाच मिनिटांनी पुन्हा 23. स्वप्न पडलं असावं, पंजे हलत होते.

त्याने वायरी चावू नयेत म्हणून त्यांना फासायचे आमचे आधीचे उपाय ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंचा मिरचीचा, माझा कारल्याच्या रसाचा. कारल्याचा रस गोट्याने चाटूनपुसून साफ केला होता! संत्र्याचं तेल मी नुकतंच मागवलं होतं, ते त्यांनी बाटली न उघडता परत करायला लावलं. असली तेलं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, विषबाधा होते. आणि चालू वायरीला काहीही ओलं फासणं हा वेगळाच शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी वायरमन आले. मी फॅनच्या वायरीला काळी टेप गुंडाळून ठेवली होती. "ताई, ही टेप तो दोन मिनिटांत सोलेल," म्हणत त्यांनी ती आख्खी वायरच बदलली. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच. एमसीबी आहे की आमची, म्हटलं, तर म्हणाले, "ती वायर जळू नये म्हणून. ही जीवासाठी." पुढचं वाक्य त्यांनी आवर्जून दोनदा सांगितलं: करंट अंगातून जमिनीत गेला तर ही पडते, म्हणजे वीज तोडते. पण मांजराने फेज आणि न्यूट्रल या वायरीतल्या दोन्ही तारा एकदम दातात धरल्या तर हिलाही पत्ता लागत नाही. म्हणजे वायर झाकण्याला पर्याय नाही.

मी आधी मऊ स्प्रिंगसारखं गुंडाळायचं प्लास्टिक आणलं. पैसे वाया. ते गोट्याला वायरीपेक्षा जास्त आवडलं. मग वायरमनकाकांनीच कडक, वळ्यावळ्यांचा फ्लेक्झिबल पाईप लांबीत चिरून दिला. वायर आत दाबायची आणि चिरेची बाजू भिंतीकडे करायची. भिंतीवरच्या वायरी पट्टीत गेल्या, एक्स्टेंशन बोर्ड झाकणाच्या डब्यात गेला. फ्रिजमागची फट पुठ्ठ्याने बुजवली. चार्जर काम झालं की कपाटात. ही शिस्त आम्हा माणसांना लागायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

तरी दात शिवशिवत होतेच. झाडताना मला पायपुसण्यावर तांदळाच्या कणीएवढा दात सापडला. मांजराचे दुधाचे 26 दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पडतात आणि पक्के 30 येतात. बिचारा हिरड्या खाजवायला जागा शोधत होता. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवून द्यायला लागले, तर ते तो पुढच्या पायांत धरून तासभर चघळायचा. मी मीटिंगला बसले की हमखास वायरीकडे जायचा, म्हणून मीटिंगआधी दहा मिनिटं दोरीला पीस बांधून पळवायचं आणि लगेच खायला घालायचं. पोट भरलं की हात-पाय चाटून झोपतो.

नवरात्रात मात्र घात झाला. घटातले गहू पाचव्या माळेला चांगले बोटभर वर आले होते आणि सकाळी एका बाजूने भादरलेले. सासूबाई दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण मला धागा सापडला. आता खिडकीत डब्याच्या झाकणात गहू पेरलेले असतात, दर आठवड्याला नवे. देवीचा घट कपाटावर बसतो.

पक्के दात आल्यापासून गोट्याने जाड वायरीला तोंड लावलेलं नाही. रात्री टॉर्च घेऊन सगळ्या वायरींवरून एकदा नजर फिरवायची माझी सवय मात्र सुटत नाही. इअरफोन अजूनही महिन्याला एक जातोच. नवऱ्याने शेवटी बिनवायरीचे घेतले. परवा त्यातला एक सोफ्याखाली सापडला, चिंगीजवळ.