चौघांचं डोकं एकदम दुखलं तेव्हा

माझं काम काय, तर इमर्जन्सी रूममधे पेशंट आला की नर्स तक्रार म्हणून जे दोनचार शब्द टाइप करते ते चाळत बसायचं, कशाचे पेशंट अचानक वाढले तर वेळीच बोंब मारायची. ऐकायला भारी वाटतं, पण अर्धा दिवस स्पेलिंगच्या चुका निस्तरण्यात जातो.

१५ फेब्रुवारी २०२१, ह्यूस्टन, बर्फाचं वादळ. पहाटे लाइट गेली, टेक्सासभर ४० लाखांच्या वर घरांची गेली, बाहेर उणे आठ आणि घरात जाकीट घालून पण दात वाजतायत. लॅपटॉप गाडीत चार्ज करत होतो, गाडी गॅरेजबाहेर काढून, कारण बायकोने दोनदा बजावलं होतं. ग्राफ बघितला तर पेशंट कमीच! रस्त्यावर बर्फ, येणार कोण.

मग त्या चार ओळी दिसल्या. एकच पिनकोड, ७ मिनिटांत चौघं, वयं ६, ९, ३४, ३८, सगळ्यांना डोकेदुखी आणि उलटी. सॉफ्टवेअरने खुशाल पोटाच्या विकारात टाकलेलं, कोविडचे दिवस, कोणाला शंका येणार? पण ताप एकालाही नाही. फोन लावला तर नर्स म्हणते ऑक्सिजन ९९ आहे, ठीक आहेत. माझ्या पोटात गोळाच आला, कारण बोटाला लावतात त्या मशीनला रक्तातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीत कोळसा वगैरे जाळला की साठणारा, वास नसलेला विषारी गॅस, तो पण ऑक्सिजनच वाटतो. म्हटलं रक्त तपासा आणि घरात काय पेटवलंय ते विचारा. वीस मिनिटांनी तिचाच फोन, कोळशाची बार्बेक्यू शेगडी हॉलमधे आणलेली, खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबलेले.

मग कोळसा, जनरेटर, गॅरेज, स्पॅनिशमधला 'कार्बोन' (म्हणजे कोळसाच) असे सगळे शब्द टाकून परत शोधलं आणि यादी काही थांबेचना. वादळाचे मृत्यू राज्याने नंतर २४६ मोजले, १६१ थेट थंडीने, १९ या गॅसने. लोकांनी पुढे आकड्यावरून बरेच वाद घातले, ते असो.

रात्री साताऱ्याहून आईचा फोन. "अरे शेगडी पेटव की खोलीत, पोरं गारठतील." मी इतक्या जोरात ओरडलो की मुलगी उठली. आई चिडली, म्हणाली आम्ही काय शेगडीने मेलो का? आता तिला कुठे सांगत बसू की आपल्या घराला कौलं होती आणि मागचं दार कधी नीट लागायचंच नाही.